सहा फूट एक इंचाची वहिनी

सकाळी दादाचा फोन आला. "नीता, लुसी गेली गं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी रिक्षाने दिंडोशीला पोहोचले, तोवर त्याने स्वतःला सावरलं होतं. आम्ही भाऊ-बहीणच तिरडीचं सामान आणायला बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "पुरुष की बाई?" दादा म्हणाला, "बाई." "उंची साधारण?" "सहा फूट एक इंच." दुकानदाराने पुन्हा विचारलं, पुरुष की बाई. मग आत गेला आणि लांब बांबू घेऊन आला. दादा तिथेच, त्या दुकानाच्या पायरीवर, हसला. म्हणाला, "हे ऐकून ती आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरली असती." तिला खांदा द्यायला तिने खेळ शिकवलेल्या मुली आल्या, सरावाच्या जर्सीत. सोसायटीतले पुरुष पुढे झाले होते, ते आपसूक बाजूला झाले. या गोष्टीला आता महिना होत आला.

माझी वहिनी लुसियाना ब्राझीलची. पंधरा-सोळा वर्षं ती बास्केटबॉल खेळून पोट भरत होती, आणि हे ती कुणालाही पहिल्या भेटीतच सांगायची, दुसरा कुणी 'मी शिक्षिका आहे' म्हणतो तितक्या सरळपणे. साओ पाउलोपासून बसने चार-पाच तास आत, एका कापड गिरणीभोवती वसलेल्या गावात ती वाढली. वडील गिरणीत. गिरणीचं एक मैदान होतं आणि त्यावर कामगारांसाठी बांधलेलं बास्केटबॉलचं कोर्ट. बाराव्या वर्षी ती वडिलांपेक्षा उंच झाली, तेव्हा वडिलांनी तिला तिथे नेऊन उभं केलं. आमचे बाबाही लालबागला गिरणीत होते. संप फसला, गिरणी गेली आणि आम्ही गोरेगावला आलो. वहिनी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा आईला या सुनेशी बोलायला एक शब्द नव्हता. आईला मालवणी येते आणि कामापुरती मुंबईची मराठी. हिला पोर्तुगीज आणि तुटकं इंग्रजी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी जेवताना दादा बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता. ती एकदम थांबली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गिरणीचा भोंगा वाजवला. लांब, घशातून, हुबेहूब. आईच्या हातातला घास तसाच राहिला. "हिचो बापूस पण गिरणीत?" तिने दादाला विचारलं. त्या दिवसापासून ती आईची लुशी झाली आणि तिची मराठी आईच्याच तोंडून आली. त्यामुळे ती शेवटपर्यंत 'मला' न म्हणता 'माका' म्हणायची आणि रिक्षावाले तिच्याकडे वळून वळून बघायचे.

सोळाव्या वर्षी तिने घर सोडलं आणि मोठ्या शहरातल्या एका क्लबकडे गेली. बास्केटखाली उभं राहून, हुकलेला चेंडू चार जणींच्या कोपरांतून वर उडी घेऊन पकडायचा, हे तिचं काम. "बॉल टाकणाऱ्या पोरीचा फोटो छापतात," ती म्हणायची, "आणि बॉल आणून देणारीची बरगडी मोडते." देशाच्या संघाच्या सराव शिबिराला तिला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा अगदी शेवटी वगळलं. तिसऱ्यांदा बोलावणार हे नक्की होतं, कारण त्या वर्षी तिच्या क्लबने अंतिम सामना गाठला होता आणि तो तिच्यामुळे गाठला होता. पण तो गाठतानाच, उपांत्य सामन्यात, तिचा गुडघा गेला.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे, आमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना. अंतिम सामन्याआधी क्लबचा डॉक्टर इंजेक्शन घेऊन आला. दुखणार नाही, खेळून घे, नंतर बघू. प्रशिक्षक दाराशी उभा. तिने विचारलं, नंतर म्हणजे काय? डॉक्टर सुई भरत राहिला. तिने सुई बाजूला केली आणि म्हणाली, मी खेळणार नाही. ती चोवीस वर्षांची होती... क्लबने करार मोडला. गावातल्या पेपरात ती घाबरली असं छापून आलं. दोन हंगाम तिला कुणी घेतलं नाही. शस्त्रक्रिया झाली, ती एका दुकानात बूट विकायची आणि संध्याकाळी गिरणीच्या त्याच जुन्या कोर्टवर एकटी पळायची. मी तिला विचारलं, "मग त्या फायनलचं काय झालं?" "जिंकल्या ना," ती म्हणाली. "मी टीव्हीवर बघितलं. खूप रडले. मग झोपले." आणि पापड परतता परतता पाय लांब करून मला गुडघा दाखवला. "पण हा माझा आहे. त्यांचा कप कुठे आहे, त्यांना तरी ठाऊक असेल काय?"

मग पोर्तुगालच्या एका बंदरातल्या छोट्या क्लबने तिला बोलावलं. दुसऱ्या श्रेणीतला संघ, सामन्याला शंभरेक माणसं. तिथे ती आठ वर्षं खेळली, कप्तान झाली आणि त्या संघाला वरच्या श्रेणीत घेऊन गेली. दादा तेव्हा बोटीवर इंजिनीअर होता. बोट दुरुस्तीसाठी तिथल्या गोदीत अडकली होती. बाहेर थंडी होती आणि हॉलमध्ये हीटर होता, म्हणून तो सामना बघायला गेला, असं तो आजही सांगतो. वहिनी म्हणायची, "हीटर माझ्या बाकामागे होता. म्हणून लग्न झालं."

इथे आल्यावर पहिले काही महिने ती कोमेजली. घरात बसणं तिला जमत नव्हतं. घराजवळच्या पालिकेच्या मैदानात बास्केटबॉलचा एक खांब होता, रिंग होती, जाळी नव्हती. ती जाऊन एकटीच चेंडू टाकू लागली. वसाहतीतल्या मुली आधी कुंपणाबाहेरून हसल्या, मग आत आल्या. मी तिला वहिनी म्हणते हे ऐकून त्याही वहिनी म्हणू लागल्या आणि कितीतरी दिवस तिची समजूत होती की मराठीत प्रशिक्षकाला वहिनी म्हणतात. एका स्पर्धेत समोरच्या संघाच्या सरांकडे जाऊन तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मी यांची वहिनी. तुम्ही त्यांची वहिनी?" सरांनी हात मिळवला, पण ते दिवसभर गोंधळलेले होते.

त्या मुलींत प्रणाली होती. तिचे वडील दिंडोशीच्या कोर्टात कारकून. त्यांना सगळे चिडवायचे की बापलेकीचं आयुष्य कोर्टातच जाणार. पोरगी कमालीची. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला राज्याची निवड समिती येणार होती आणि आदल्या दिवशी सरावात तिचा घोटा मुरगळला. सामन्याच्या वेळी तिचे वडील वहिनीसमोर हात जोडून उभे राहिले. "मॅडम, एकदाच. निवडवाले समोर बसलेत. पट्टी बांधून खेळेल ती." वहिनीने प्रणालीला विचारलं, "दुखता काय?" "नाही." "उडी मार." प्रणालीने उडी मारली आणि एकाच पायावर उतरली. वहिनीने स्वतःचं जॅकेट काढून तिला घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बाकावर बसवलं. वडिलांना म्हणाली, "दादा, पाय तिचा आहे. तुमचा नाय, माझा नाय." संघ हरला. वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून मुलीला पाठवणं बंद केलं. मैदानावर लोक उघड बोलू लागले, परदेशी बाईला आपल्या मुलींचं काय पडलंय. वहिनी रोज ठरल्या वेळी मैदानावर जात राहिली. मला म्हणाली, "ती येणार. घोटा बरा झाला की पाय आपोआप इकडे येतील."

ती आली. वडीलच घेऊन आले. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी प्रणाली महाराष्ट्राकडून खेळली. आज तिला खेळाच्या कोट्यातून नोकरी आहे आणि ती अजून दोन्ही पायांवर उतरते. वहिनीला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तेव्हा डॉक्टरांसमोर बसून तिने नेमका तोच प्रश्न विचारला, "नंतर म्हणजे काय?" या डॉक्टरबाईंनी खरं उत्तर दिलं. वहिनी समाधानाने म्हणाली, "ठीक." मग जमलं तोवर खुर्ची टाकून मैदानावर बसली आणि जमेनासं झालं तेव्हा शिट्टी प्रणालीच्या हातात दिली.

परवा दादाकडे गेले होते. त्यांनी घर घेतलं तेव्हा वहिनीला वाकावं लागू नये म्हणून दादाने स्वयंपाकघरातला ओटा चांगला वीतभर उंच बांधून घेतला होता. आईला तो छातीशी येतो. वहिनी होती तेव्हा आईला तिथे उभं राहायची गरजच पडत नव्हती. आता ती पाट ठेवून त्यावर चढून भाजी फोडणीला टाकते. दादा म्हणाला, "आई, पडशील. गवंडी बोलावतो, ओटा खाली करून घेऊ." आईने गॅस बारीक केला. "तोडू नको," ती म्हणाली. "खाली उभी रवलंय तर खिडकीतसून नुसती भिंत दिसता. हयसून मैदानात पोरी खेळताना दिसतत."