वसंतरावांच्या उजव्या हाताचा वास

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा मला हसू येतं. पांढरी साडी, उलटी पावलं, पिंपळाचं झाड... जन्मभर नर्सचं काम केलं. माणसं माझ्या हातावर जन्मली, हातावर गेली, पण गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही. करणी, अंगात येणं, नजर लागणं यातलं काही मी मानत नव्हते, आजही मानत नाही. माझ्या अनुभवात भूत नाहीच. एक वास आहे. तो आठवला की भीती वाटत नाही, किळस येते, म्हणून इतकी वर्षं लिहायचं टाळलं. जेवायला बसण्याआधी वाचू नका, एवढंच सांगते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही भिंगारला राहत होतो. माझे वडील — अण्णा — मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लिलावात निघालेली एक जुनी मोटारसायकल त्यांनी घेतली, स्वतः उभी केली आणि मला शिकवली. मुलगा नव्हता म्हणून मला शिकवली, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. थोरली बहीण सायकललाही घाबरायची आणि मी घाबरत नव्हते, एवढंच. नर्सची पांढरी साडी, खाली अण्णांची खाकी पॅन्ट, असा माझा अवतार असे. रस्त्यात पोरं मागं धावायची, आणि मोठी माणसं पोरांपेक्षा वाईट वागायची.

माझी नेमणूक करंजी घाटापलीकडे, पाथर्डीच्या बाजूला, दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायला आलेल्या बायकांत पोटुशा बायका कितीतरी. एसटी तिथवर जात नसे, म्हणून आमच्या साहेबांनी — म्हणजे डॉक्टरांनी — कुरकुरत का होईना, मोटारसायकलला परवानगी दिली होती. माझी गाडी बंद म्हणजे त्या बायकांची नर्स बंद, इतका सरळ हिशेब होता.

भिंगारमध्ये तेव्हा मोटारसायकलवाल्यांची एक मंडळी होती. दर रविवारी सकाळी बाजारातल्या गंगूबाईच्या चहाच्या टपरीवर जमायचे, आणि मग घाटापर्यंत रपेट. अण्णांना मी घाटात एकटी जाणं पसंत नसे, म्हणून रविवारी मी त्यांच्याबरोबर निघायची. ते घाटावरून भजी खाऊन परत फिरत, मी पुढं कामावर जाई. बाळंतपणाला रविवारची सुट्टी नसते.

या मंडळींचा नियम असा, की सगळ्यात शेवटची गाडी ‘शेपूट’. कुणाची गाडी बंद पडली तर शेपटानं थांबायचं, आणि बाकी वेळ पुढच्यांची धूळ खायची. शेपूट पाळीपाळीनं असायचं... मी येईपर्यंत. मी आल्यापासून ते कायम माझ्याकडे आलं. मंडळींचे म्होरके भाऊसाहेब, त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते तोंडावर म्हणायचे, “बाईमाणूस मागं बसलेलं बरं दिसतं. हँडलवर न्हाई शोभत.” मी त्यांचा मनापासून राग राग करायची.

वसंतराव मात्र निराळे. तिशीतला, टापटीप, गोड बोलणारा माणूस. मला ‘ताई’ म्हणायचे. निघताना माझ्या कॅरियरला बांधलेल्या औषधांच्या पिशवीचा पट्टा स्वतः ओढून बघायचे. “ताई, कडी नीट लागलीय ना? रस्ता लई खराब हाय.” मला वाटायचं, चला, एक तरी माणूस आहे यांच्यात.

एका रविवारी घाटाच्या वळणावर वसंतरावांची गाडी गचके खायला लागली. बंद पडली नव्हती, म्हणून मी त्यांना ओलांडून वर गेले. शेपूट घाटावरच्या भज्यांच्या टपरीवर त्यांच्या आधी पोहोचलं. झालं, मंडळींना विषयच मिळाला! “वसंतराव, आता तुमी साडी नेसा,” वगैरे वगैरे. वसंतराव पण हसले, मला त्यांनीच चहा पाजला. मी ते विसरून गेले.

पुढच्या रविवारी मी गंगूबाईकडे चहा घेत होते तेव्हा गाडी आणि पिशवी बाहेरच होती; निघताना नेहमीप्रमाणे वसंतरावांनी पट्टा ओढून बघितला. घाटात एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीत काच फुटल्याचा आवाज आला. टिंक्चर आयोडीनची बाटली गेली, मी मनात म्हटलं. हा तपशील लक्षात ठेवा — बाटली घाटात फुटली, भिंगारमध्ये नाही.

कामावर पोहोचले तर बाभळीखाली बायकांनी चार बाजूंनी लुगडी धरलेली. आत एक बाई अडलेली, डोकं दिसायला लागलेलं. मी गुडघ्यावर बसले, पिशवी उघडली, आणि आतून जे आलं... 

मेलेल्या जनावराचं आतडं होतं. कुजलेलं, हिरवं पडलेलं, वळवळणाऱ्या अळ्यांसकट माझ्या उकळून घेतलेल्या कापसात दाबून बसवलेलं. त्यावर फुटलेल्या बाटलीचं टिंक्चर सांडलेलं. दुष्काळात मेलेल्या गुरांचा वास आम्हाला सगळ्यांना सवयीचा झाला होता. पण सडलेलं मांस आणि वर टिंक्चर, असा वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. मी बाजूला जाऊन ओकले. नर्स असून ओकले.

त्या अडलेल्या बाईची सासू पिशवीकडे बघत राहिली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “आमची गुरं मेली ती कमी पडली व्हय गं बाई? ह्ये बी आनलंस?”

“मी नाही आणलं, मावशी. कुणीतरी घातलंय.”

“मंग धू हात. येळ नगं लावू.”

आणि त्या म्हातारीनं प्यायच्या पाण्याची घागर माझ्या हातावर ओतली. त्या उन्हाळ्यात ती घागर म्हणजे काय होती, ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. नाळेसाठी लुगड्याच्या काठाचा दोरा उकळून घेतला, कुणाच्या तरी नवऱ्याचं दाढीचं पातं जाळावर धरलं. मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या. त्यात माझा वाटा थोडाच.

कुणी शाप दिला नाही की तळतळाट केला नाही. ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, “त्या म्हातारीनंच काहीतरी केलं असणार.” मला संताप येतो. तिला नात न्हाऊ घालायला पाणी नव्हतं, ती मंत्र कुठे म्हणत बसेल?

पाण्याच्या टँकरवाल्यानं बातमी साहेबांपर्यंत नेली. साहेबांनी मला उभं केलं. “पिशवीत घाण सापडते, ही तुमची जबाबदारी. रविवारपर्यंत कुणी केलं ते सांगा. नाहीतर मोटारसायकल बंद आणि तुम्ही वॉर्डात.”

माझा संशय अर्थातच भाऊसाहेबांवर. रविवारी टपरीवर गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “हे तुम्हीच केलंत.”

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. “मी तोंडावर बोलतो, बाई. मला तुजी गाडी आवडत न्हाई, ह्ये तुला ठावं हाय. पर बाळंतिणीच्या पिशवीत हात घालनारा मी न्हाई.”

तेवढ्यात वसंतराव आले. पांढराशुभ्र शर्ट, भांग पाडलेला. गंगूबाईनं कप पुढं केला. त्यांनी घ्यायला उजवा हात लांबवला, आणि गंगूबाईनं कप तसाच सोडून दिला. पदर नाकाला.

“अगं आई गं... वसंतराव, काय मेलंय का खिशात तुमच्या?”

पुरुष हसले. आणि मग तो वास मला आला. सडलेलं आतडं. आणि त्याच्यावर, अगदी स्पष्ट, टिंक्चर आयोडीन.

मी वसंतरावांच्या हाताकडे बघत राहिले. हात स्वच्छ होता, नखंसुद्धा कापलेली. एकेकानं तो हात नाकाशी नेऊन हुंगला. भाऊसाहेबांनी पण हुंगला. “साबनाचा वास येतोय,” म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते हे मला दिसत होतं. समोरून एक आजी नातीला घेऊन चालली होती. टपरीसमोर आल्यावर दोघींनी एकदम नाक धरलं आणि रस्त्याच्या पलीकडे गेल्या. त्यांच्या पुढून येणारा माणूस मात्र आरामात विडी ओढत गेला.

आता विचार करा. कुजक्या मांसाचा वास हाताला राहिला असं एकवेळ मानू. आठवडाभर साबण लावूनही राहिला असंही मानू. पण टिंक्चर? बाटली फुटली घाटात, वसंतरावांनी पिशवीला हात लावला भिंगारमध्ये. ते दोन्ही वास एकत्र फक्त माझ्या पिशवीत होते, बाभळीखाली. तिथं वसंतराव नव्हते.

“तुम्ही घातलंत ते,” मी म्हटलं.

वसंतराव दुखावल्यासारखे हसले. “ताई, तुमच्या मनावर ताण आलाय. चला, मी स्वतः येतो साहेबांकडं.”

आणि आले! साहेबांच्या टेबलासमोर बसून त्यांनी आपण होऊन हात पुढं केला. साहेबांनी हुंगला, मान हलवली. मी दारात उभी, रुमाल तोंडाशी. झाडू मारणारी बाई आत आली आणि झाडू टाकून तशीच पळाली. साहेब मला म्हणाले, “नाकाचा पुरावा चालत नाही, सिस्टर.” वसंतराव अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “साहेब, यांच्यावर रागवू नका. गाडी आणि पिशवी, दोन्ही सांभाळणं बाईमाणसाला जड जातं. त्यांच्या भल्यासाठीच सांगतो.” ते वाक्य मला त्या आतड्यापेक्षा घाण वाटलं. अजूनही वाटतं.

मोटारसायकल बंद झाली. मी वॉर्डात. पाऊस पडेपर्यंत त्या कामावर कुणी नर्स गेली नाही. बाकीच्या पोटुशा बायकांचं काय झालं, मला माहीत नाही.

काही महिन्यांनी वॉर्डात वसंतरावांच्या पत्नी, सुमनवहिनी, आल्या. कोपऱ्यात नेऊन विचारलं, “तुम्हालासुद्धा येतो ना?”

मी मान डोलावली. त्या रडायलाच लागल्या. “मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. तुम्ही घाटात पुढं गेलात त्या दिवशी हे जेवले नव्हते. पुढच्या रविवारी पहाटेच मागच्या दारानं कुठं तरी गेले, येऊन मोरीत हात घासत बसले. मी विचारलं तर म्हणाले, एकीला तिची जागा दाखवायचीय. त्या दिवसापासून... ताटावर यांचा हात आला की मला उमासे येतात.” मग पदरानं डोळे पुसून त्यांनी हळूच विचारलं, “नाकाचं काही औषध असतं का हो? वास न येण्याचं?”

नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

दुष्काळ सरला, साहेब बदलले, आणि मी पुन्हा गाडीवर बसले ती रिटायर होईपर्यंत. वसंतराव मोठे झाले. मंडळींचा क्लब झाला, ते अध्यक्ष. लग्नात, सत्कारात मी लांबून बघायची — ते आले की बायका पदर सावरून दोन हात मागं सरकायच्या. आणि पुरुष कौतुकानं म्हणायचे, “बायका किती मान राखतात बघा वसंतरावांचा. समोर उभ्या राहत नाहीत.” कुणालाही खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं तरी ते हातच हुंगणार, आणि त्यांना साबणाचाच वास येणार.

एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मनावर आघात झाला की असे वास आठवणीतून येतात. मला ते पटलं होतं. माझ्यापुरतं, सुमनवहिनींपुरतं पटलं होतं... 

गेल्या मार्चमध्ये सावेडीत मुलींची मोटारसायकल रॅली होती. जुन्या काळातली बाई म्हणून मलाही बोलावलं. माझ्याच्यानं आता गाडी पेलत नाही, म्हणून एका मुलीच्या मागं बसले. चाळीसेक पोरी, कुणी कॉलेजातली, कुणी बँकेतली, जाकिटं, हेल्मेटं घातलेल्या. इंजिनांचा आवाज ऐकून मला भरून आलं. एकटी धूळ खायची ती मी, आणि आता ही एवढी रांग. झेंडा दाखवायला कोण येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हीलचेअरवरून वसंतराव आले. माइकवर निवेदक सांगत होता, “महिला रायडर्सचे पन्नास वर्षांपासूनचे पाठीराखे!” वसंतरावांची नजर माझ्यावरून गेली. ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांनी उजव्या हातात झेंडा घेतला आणि वर केला.

पहिल्या रांगेतल्या मुलीनं हेल्मेटची काच खट्‌कन खाली केली. मग तिच्या शेजारचीनं. मग मागची रांग, तिच्या मागची... खट्‌, खट्‌, खट्‌.

“बघा, पोरी कशा तयारीत आहेत!” निवेदक म्हणाला, आणि खुर्च्यांवरच्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या पुढची मुलगी मान मागं वळवून म्हणाली, “आज्जी, इथं काही सडलंय का हो? आणि ते दुसरं काय... दवाखान्यासारखं?” ती पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती. याचं उत्तर त्या डॉक्टरीणबाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, “हो गं. चल लवकर.” आणि माझ्या हेल्मेटची काच नीट बसलीय ना, ते हातानं चाचपून बघितलं.