सास्तूरच्या पांढरीवरचं आभाळ

सोलापूर सोडताना सुहासनं माझा फिल्मचा कॅमेरा पाहून विचारलं, "अजून हे ओझं कशाला?" कॉलेजपासून आम्ही दोघं मिळून ताऱ्यांचे फोटो काढतो. त्यानं डिजिटल घेतला, मी रोलवरच राहिले.

नळदुर्गला ट्रकांच्या रांगेशेजारी चहा घेतला आणि ज्वारीच्या रानांमधून दुपारी सास्तूर गाठलं. सुहासच्या ओळखीचे काशीनाथकाका वाट पाहत होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. काकांचं शेत मात्र जुन्या गावाला लागूनच आहे. धपाटी आणि दही पुढं ठेवून ते म्हणाले, "ताई, पांढरीवरचं (जुन्या गावाच्या जागेवरचं) आभाळ काढा. उन्हाळ्यात आमी सगळी माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) निजायचो. थोरली बहीण तारे दावायची. भूकंपात ती तिथंच गेली. आमच्या घरावरच्या आभाळाचा एक फोटू भिंतीला पायजे."

अंधार पडताच सुहासच्या गाडीनं पांढरीत गेलो. बाभळी माजलेल्या. काकांनी एक पडकी भिंत दाखवली. "ह्ये आमचं."

दोघांनीही भिंत चौकटीत घेऊन कॅमेरे ध्रुवाकडे लावले. सुहासचा कॅमेरा लागोपाठ छोटे छोटे फोटो घेणार, तो ते नंतर जोडणार. एखादा बिघडला तर टाकून द्यायचा. माझा एकच. शटर तासभर उघडं ठेवायचं, तारे सरकतील तशा त्यांच्या रेघा फिल्मवर उमटतात.

तास भरत आला होता. सुहासचं काम आटोपलं, त्यानं गाडी चालू करून वळवली, आणि हेडलाइटचा झोत सरळ माझ्या भिंगावर आला.

"सुहास, बंद कर!"

"मला वाटलं, तुझं झालं."

"विचारायचंस तरी!"

"एक फोटो गेला तर एवढं काय? माझे आहेत ना."

पुन्हा शटर उघडावं म्हटलं, तर ढग भरून आले.

सकाळी त्यानं लॅपटॉप काकांपुढं ठेवला. ताऱ्यांची वर्तुळं देखणी होती. काकांनी वाकून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"बाभळी कुठं हायत? अन् आमची भिंत?"

"फार पसारा दिसत होता, काका. पुसून टाकला."

"मूळचे फोटो दाखव त्यांना," मी म्हणाले.

"जोडून झाल्यावर उडवले. जागा नव्हती."

"मग ह्ये कुठलंबी आभाळ असंल," म्हणत काका गोठ्याकडं गेले.

परतीला नळदुर्गच्या ढाब्यावर आम्ही समोरासमोर बसून जेवलो. बिल वेगवेगळं दिलं.

सोलापुरात आता रोल कोणी धूत नाही. काही तरी उरलं असेल म्हणून पुण्याला पाठवला, तो काही आठवड्यांनी आला. फिल्म खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. तिनं खरोखरच जे झालं तेच टिपलं होतं: सुहासच्या गाडीचा उजेड. त्यात भिंतही बुडाली, तारेही.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. "ताई, आलं का आमचं घर?"

"नाही आलं, काका."

"बरं. म्हंजी दुसऱ्यांदाबी गेलं."

सुहासचा फोटो एका प्रदर्शनात लागलाय. त्यानं बोलावलं होतं, मी गेले नाही. फोटोखाली गावाचं नाव लिहिलंय म्हणे: सास्तूर.