सव्वासात फुटांचं रिंगण

मी हातोडाफेक खेळतो असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी माझ्या दंडाकडे बघतात आणि मग हमखास विचारतात, "म्हंजी खिळे ठोकायचा हातोडा?" मी पंधरा वर्षं समजावून सांगतोय. लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. सगळं मिळून सात किलो दोनशे साठ ग्रॅम. सिमेंटच्या गोल रिंगणात उभं राहायचं, स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकायचं आणि शेवटी सगळं अंग लावून सोडून द्यायचं. रिंगणाला लोखंडी पट्टीची कड असते. त्या कडेवर पाय पडला की लाल झेंडा, फेक बाद. पाय आत राहिला की पांढरा. मला या खेळाने जे काही दिलं आणि जे काही घेतलं, ते सगळं त्या पट्टीवरच घडलं.

आमचे अण्णा गवंडी. शिरूर अनंतपाळ तालुक्यात आमचं गाव. भूकंपानंतर किल्लारीकडे नवी गावं उभी राहत होती, तेव्हा अण्णा तिथे माल कालवायला म्हणून गेले आणि दोन वर्षांनी थापी-ओळंबा घेऊन मिस्त्री होऊन परत आले. गावात त्यांना आजही नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी उभी केलेली भिंत सरळ असते, यावर भावकीतल्या वैऱ्यांचंही एकमत आहे.

त्यांना एक खोड मात्र होती. कुठलंही माप ते पुऱ्या आकड्यावर थांबवायचे नाहीत. दार सहा फूट सांगा, ते सव्वासहा करायचे. ओटा दोन फूट सांगा, सव्वादोन. "पुरा आकडा म्हंजी काम संपलं," ते म्हणायचे, "सव्वा म्हंजी अजून पुढं चालू हाय. देवाला सव्वा रुपया ठेवता, नवसाला सव्वा किलो पेढे वाटता, मंग घराला कामून न्हाई?" यावर गिऱ्हाईक काय बोलणार? तीन इंच जास्त मिळाले म्हणून तक्रार करणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत जन्माला यायचा आहे.

शाळेत असताना मी हलके हातोडे फेकायचो, तेही चुन्याने आखलेल्या वर्तुळातून. लातूरला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्यांदा मोठ्या माणसांचा हातोडा हातात आला. मी तो पोत्यात गुंडाळून एसटीने घरी आणला. अण्णांनी तो उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"किती वजन म्हनलास?"

"सात किलो दोनशे साठ."

"म्हंजी सव्वासात!" अण्णांचा चेहरा असा खुलला की जणू माझं लग्न ठरलं.

त्याच आनंदात त्यांनी विचारलं, "पक्कं रिंगण बांधून देऊ का? किती फुटाचं लागतंय?" मी पुस्तकात बघून सांगितलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सात फूट. मग मी परीक्षेसाठी लातूरला गेलो. परत आलो तर घरामागच्या पडीक तुकड्यात रिंगण तयार. शिरूरच्या वेल्डरकडून वाकवून आणलेली पट्टी, आत तळहाताने घोटल्यासारखं सिमेंट, वर ओली गोणपाटं. मी त्यावर अनवाणी उभा राहिलो. तोवर माझ्या मालकीचं असं जगात काही नव्हतं, आणि आता सबंध एक रिंगण होतं. ते मोजून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. मिस्त्रीच्या पोराने बापाच्या मापावर टेप लावायची नसते, अशी माझी समजूत होती.

चार वर्षं मी लातूरहून येऊन-जाऊन त्या रिंगणात गिरक्या घेतल्या. समोर काळी जमीन. पावसाळ्यात हातोडा तिच्यात असा रुतायचा की फेकायला दोन सेकंद आणि खुरप्याने उकरून काढायला दहा मिनिटं. आई शेळ्या आवरून धरायची आणि मला शिव्या द्यायची. जवळपासच्या स्पर्धा मी जिंकत गेलो. तिथली वर्तुळं चुन्याची, आधी फेकून गेलेल्यांच्या पायांनी पुसलेली. रेघच दिसत नसेल तर पंच कशाला लाल झेंडा उचलतोय?

मग नांदेडला राज्याची निवड स्पर्धा आली. तिथे खरं रिंगण होतं, खरी पट्टी होती. मी तीन वेळा फेकलं आणि तीन वेळा लाल झेंडा वर गेला. मी रिंगणाभोवतीच्या जाळीबाहेर येऊन हातमोजा जमिनीवर आपटला. तिथल्या एका कॉलेजात शिकवणारे आणि तरुणपणी स्वतः हातोडा फेकलेले एक सर माझ्याजवळ आले. तेच पुढे माझे गुरू झाले.

"फाउल सगळेच करतात रे," सर म्हणाले. "पण तू तिन्ही वेळा एकाच जागी आणि तेवढाच बाहेर गेलास. तीन इंच. इतकी शिस्तीतली चूक मी आजवर पाहिली नाही. घरचं रिंगण कधी मोजलंस का?"

नांदेडहून मिळेल त्या बसने घरी आलो. पिशवी ओसरीवर टाकली, अण्णांच्याच हत्यारांतली टेप घेतली आणि रिंगणात गेलो. सात फूट तीन इंच. आडवं मोजलं, सात फूट तीन इंच. तिरकं मोजलं, तेवढंच. कुठूनही मोजा, एका सुताचा फरक नाही. इतकं सुबक चुकलेलं काम फक्त आमचे अण्णाच करू शकतात.

अण्णा समोर आले तेव्हा मी टेप तशीच जमिनीवर पसरून ठेवली होती.

"अण्णा, मी सात सांगितलं होतं."

"गोळा सव्वासातचा, मंग रिंगण सातचं कसं आसंल?" ते अगदी सरळपणे म्हणाले. "मला वाटलं, पुस्तकातून उतरवताना तूच चुकलास."

तेव्हा मी जे बोललो ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. शेजारचे दोघे-तिघे कट्ट्यावर बसले होते, त्यांच्यादेखत बोललो. "तुमच्या सव्वानं माझी चार वर्षं मातीत घातली. माप घ्यायची अक्कल न्हाई तर मिस्त्री कशाला म्हनून घेताव?" आई आतून ओरडली, "तोंड आवर." अण्णा खाली वाकले. त्यांनी टेप गोळा केली, फडक्याने पुसली आणि पिशवीत ठेवली.

सकाळी मला छन्नीच्या आवाजाने जाग आली. अण्णा रिंगणाची कड फोडत होते. मी मदतीला गेलो तर त्यांनी हात लावू दिला नाही. पट्टी कापून आणली, पुन्हा बसवली. सिमेंट ओतायच्या आधी टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "धर. किती हाय, तू सांग." मी म्हणालो, "सात." मग त्यांनी काम पुढे नेलं.

रिंगण दुरुस्त झालं, अण्णा मात्र झाले नाहीत. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही घरात सव्वा केलं नाही. एवढंच असतं तर बरं झालं असतं. आता ते प्रत्येक कामावर टेप लावून घरमालकाला म्हणत, "तुमीच बघा बरं किती हाय, मला नीट दिसंना गेलंय." त्यांना सुईत दोरा ओवता येत होता. मला ते कळत होतं आणि माझी मान वर होत नव्हती. माफी मागायला दोन वाक्यं लागतात. मी घरी यायचो, जेवायचो, रिंगणात सराव करायचो आणि ती दोन वाक्यं न बोलता परत जायचो.

मी नांदेडला राहायला गेलो, सरांच्या हाताखाली. पुढे खेळाच्या जोरावर तिथेच नोकरी लागली. पायांत मुरलेले तीन इंच काढायला सरांनी एक भलताच उपाय केला. रिंगणाच्या पुढच्या कडेवर ते स्वतःचा चष्मा ठेवायचे आणि म्हणायचे, "घे गिरक्या. हा फुटला तर मी घरी कसं जायचं ते तू बघ." पहिल्या वर्षात दोन चष्मे फुटले. एकदा मी त्यांना गाडीवर मागे बसवून घरी सोडलं आणि त्यांच्या बायकोची बोलणी खाल्ली. तिसरा चष्मा मात्र अजून त्यांच्या नाकावर आहे. चार गिरक्या घेऊन कडेच्या आत थांबायला मला तीन वर्षं लागली, पण मी थांबलो.

अशा रीतीने एक दिवस मी परदेशातल्या एका मैदानावर उभा होतो. आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा, हातोडाफेकीची अंतिम फेरी, आम्ही बारा जण. सर स्वतःची रजा टाकून आले होते आणि जाळीपलीकडे बसले होते. तीन फेकी मिळतात. त्यानंतर पहिले आठ पुढे जातात, बाकीचे घरी. तिथे संध्याकाळ होती, आमच्या गावात दुपार. घरी ताई मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून अण्णांना दाखवणार होती.

पहिली फेक, लाल झेंडा. दुसरी फेक, लाल झेंडा. पंचाने पट्टीवरची जागा बोटाने दाखवली. तीच जागा. एवढी मोठी गर्दी, एवढे दिवे, आणि माझे पाय सगळं शिकलेलं विसरून आमच्या पडीक तुकड्यातल्या जुन्या रिंगणात जाऊन पोचले होते.

पदक मला मिळणार नव्हतंच. ते मिळवणारे माझ्यापेक्षा दहा-बारा मीटर पुढे फेकत होते आणि मी ते मान्य करून आलो होतो. मला भीती वाटत होती ती अण्णांची. तिसरीही बाद झाली तर माझ्या नावापुढे एकही आकडा लागणार नव्हता, आणि तिकडे एक माणूस मोबाइलसमोर बसून ठरवून टाकणार होता की हे आपल्याच हाताने झालं. तो माणूस ते मरेपर्यंत मनातून काढणार नव्हता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून वर धरला. मी त्यांना तीन बोटं दाखवली. चारऐवजी तीन गिरक्या. त्यात तीन-चार मीटर जाणार होते, पण पाय कडेपर्यंत पोचणारच नव्हता. सरांनी होकारार्थी मान हलवली.

मी रिंगणात शिरलो, मुठीवर हात घट्ट केले. हातोडा डोक्यावरून दोनदा फिरवला. एक. दोन. तीन. सोडला, ओरडलो आणि तसाच रोवून उभा राहिलो. हातोडा कुठे पडला ते मी पाहिलंच नाही. मी खाली पाहत होतो. बूट आणि पट्टी यांच्यामध्ये वीतभर सिमेंट मोकळं होतं. मी मागच्या बाजूने बाहेर आलो, तेव्हा पांढरा झेंडा वर गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दहावा आलो. पुढच्या फेरीत गेलो नाही, पण नावापुढे आकडा लागला.

सामान आवरून बाहेर आलो आणि लगेच घरी फोन लावला. ताईने उचलला.

"अण्णांनी पाहिलं का?" मी विचारलं.

"पहिल्या दोन पाहिल्या," ताई म्हणाली. "मंग उठले. टेप घेतली आन मागं गेले. तुजी तिसरी आली तवा आम्ही केवढं ओरडलो, तरी आले न्हाईत. अजून रिंगणातच हायत, मोजायलेत."

मी तिथेच पायरीवर बसलो. "फोन दे त्यांना."

ताई चालत गेल्याचा आवाज आला, मग अण्णांच्या दमलेल्या श्वासाचा. मी काही बोलायच्या आतच ते घाईने म्हणाले, "सात भरलं रे. चारी बाजूनं मोजलं. तुज्या आईला वाचायला लावलं, शेजारच्याची टेप आनून पुना मोजलं. बरोबर सात हाय."

"अण्णा, रिंगण बरोबरच हाय. पाय माजे चुकले," मी म्हणालो. आणि इतकी वर्षं अडकलेलं तेही बोलून टाकलं. "त्या दिशी मी तुमाला चार मानसांत बोललो, ते लई वाईट बोललो. मला माफ करा."

तिकडे टेप गुंडाळल्याचा आवाज आला.

"तिसरी कशी गेली?" अण्णांनी विचारलं.

"पांढरा झेंडा. तीनच गिरक्या घेतल्या."

"म्होरं जागा किती राहिली?"

"ईतभर."

"ईतभर?" मिस्त्रीचा आवाज पहिल्यासारखा चढला. "मंग चौथी गिरकी बसत होती की! एवढी जागा सोडून कामून आलास? ये घरी. रिंगण झाडून ठेवतो."