आण्णांच्या खोलीतला मोडेम

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींची गिऱ्हाईक नाही. आमच्या भागात प्रत्येक चिंचेवर कुणी ना कुणी बसलेलं असतं, प्रत्येक विहिरीत कुणाची तरी सून असते... लहानपणापासून ऐकत आले आणि हसत आले. आणि हे जे लिहितेय ते भुताचं नाहीच खरं तर. नेटचं आहे. घरच्या इंटरनेटचं. तुमच्यात कुणी नेटवर्किंगवाले असतील तर 'हे केलं का, ते केलं का' विचारायच्या आधी कृपा करून पूर्ण वाचा. ते सगळं करून झालंय. करून करून दमलेय मी.

जागा सांगते. अलिबागहून रेवदंड्याला जाताना नागाव मागे पडलं की उजव्या हाताला समुद्राकडे वाड्या लागतात. नारळ, पोफळी आणि मधे एखादं कौलारू घर. त्यातलंच एक आमचं. लांबट आहे — पुढे पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि अगदी मागे वाडीच्या अंगाला आण्णांची खोली. भिंती जांभ्याच्या, हातभर जाड.

आण्णा म्हणजे माझे वडील. अलिबागच्या कोर्टात नोकरी केली आणि उरलेला सगळा जन्म वाडीत घालवला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं, पण तोंडातून आवाज म्हणून फुटायचा नाही. डाव्या हातातही जोर उरला नव्हता; देवघरातली घंटी देऊन पाहिली, तर ती बोटांतून निसटून पलंगाखाली जायची. मग मीच अधूनमधून जाऊन बघून यायचे.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारतोच. जे माणूस नाही, ते एकदाच हाक मारतं — आणि तुम्ही ओ दिलीत की गेलात! आईनं आम्हा दोघा भावंडांच्या हाडीमाशी हे इतकं भिनवलं होतं की आण्णा वाडीतून हाक मारायचे तर तीनदाच, मधे दम घेऊन. 'वैशूऽ'... थांबायचे. 'वैशूऽऽ'... थांबायचे. मग 'अगं ए वैशूऽऽ, मेलीस का तिकडे?' आणि त्या तिसरीला मी उठायचे. पुढे सवयच लागली त्यांना. माजघरात बसून स्वयंपाकघरातून पाणी मागायचं असलं तरी हाका तीन.

तर नेट. मी एका इन्शुरन्स कंपनीसाठी हॉस्पिटलचे क्लेम तपासते. ऑफिस ऐरोलीला. आण्णांसाठी हातापाया पडून घरून काम मागून घेतलं, ते मिळालं एका अटीवर, की नेट नीट पाहिजे. आमची टीम लीड वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला अगदी गोड. 'वैशाली मॅम, तुम्ही परत फ्रीझ झालात...' असं ती इतकं गोड म्हणायची की मीच दोनदा सॉरी म्हणायचे. एकदा मेलवर ताकीद आली. म्हणजे आता आणखी तक्रार झाली की ऐरोली. आणि ऐरोली म्हणजे आण्णांची रवानगी पनवेलजवळच्या वृद्धांच्या एका होममध्ये. दादानं, म्हणजे माझ्या पुण्याच्या भावानं, तिथले फोटो पाठवले होते. स्वच्छ होतं सगळं, खोटं कशाला बोलू. आण्णांना फोटो दाखवले तर त्यांनी डोळे मिटून घेतले. मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत.

फायबरची वायर वाडीच्या बाजूच्या खांबावरून येते, म्हणून मोडेम बसवला होता आण्णांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी. त्याचं वायफाय माजघरापर्यंत येऊन धापा टाकायचं. मी बसते पडवीत. म्हणून दादानं वेगळा राउटर पाठवला, आणि मोडेमपासून पडवीपर्यंत भिंतीच्या कडेनं लांब केबल ओढली. इथून माझे भोग सुरू झाले.

सकाळी नेट पळायचं. मग एकदम अडकायचं, सुटायचं, अडकायचं, सुटायचं, आणि शेवटी बसायचं. बसलं की मी चरफडत उठायचे, आण्णांच्या खोलीत जायचे, मोडेम बंद करून चालू करायचे. मग पुन्हा पळायचं.

नितेश म्हणून आमचा केबलवाला आहे, अक्षीचा. त्यानं लॅपटॉप थेट मोडेमला लावून स्पीड दाखवला. फुल्ल!

'ताई, आमच्याकडून लाईन एकदम ओके हाय. तुमच्या त्या राउटरचाच कायतरी लफडा हाय.'

दादा फोनवरून म्हणाला, 'राउटर नवा कोरा आहे. त्याला म्हणावं तुझा मोडेम बघ आधी.'

'मोडेमला काय न्हाय झाला वो,' नितेश म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वाडीच्या कुंपणावरून दोन शेजारी भांडावेत आणि मधल्या पोफळीनं उभ्या-उभ्या सुकावं, तशी माझी गत.

मग एकेक सुरू झालं. केबलच्या टोकाचे पितळी दात खाऱ्या हवेनं हिरवे पडले होते, म्हणून केबल बदलली. फरक नाही. मग दादा म्हणाला, मोडेम आणि राउटर दोघंही घरातल्या वाटा ठरवताहेत, एका घरात दोन कारभारी झालेत. मोडेमला ब्रिज मोडवर टाक, म्हणजे तो नुसता निरोप्या आणि कारभार सगळा राउटरचा. नितेशच्या मागे लागून लॉगिन-पासवर्ड मिळवला, राउटरमध्ये घातला. एक दिवस बरं चाललं. दुसऱ्या दिवशी परत तेच. वायफायचा चॅनल बदलला, राउटर उंच ठेवला, शेवटी वायफाय सोडून माझा लॅपटॉपच वायरनं राउटरला जोडला. तरी तेच! अडकणं, सुटणं, अडकणं, सुटणं, बसणं.

दादानं पुण्यातून दोन्हींची नोंद तपासली. म्हणाला, 'वैशे, गंमत आहे. मोडेम म्हणतो मी दिलं. राउटर म्हणतो मला मिळालंच नाही. वायर तर जोडलेली दिसतेय. मधे जातं कुठे?'

'तू इंजिनिअर, मला काय विचारतोस?' मी खेकसले. खरंच वीट आला होता.

आता एक गोष्ट, जी तेव्हा माझ्या डोक्यातच आली नाही. मोडेम बंद-चालू करायला मी आण्णांच्या खोलीत गेले की काही ना काही निघायचंच. एकदा उशी सरकून मान वाकडी झाली होती. एकदा वाऱ्यानं खिडकीचं दार उघडून सगळं ऊन तोंडावर आलेलं. एकदा तर उजव्या पायाला लाल मुंग्या लागल्या होत्या, रांगच्या रांग, आणि तो माणूस पाय हलवू शकत नाही... मी मुंग्या झटकल्या, तेल लावलं, मोडेम चालू केला आणि पळत पडवीत आले. नेटच्या नावानं बोटं मोडली वर.

नितेश तपासायला यायचा तेव्हा मात्र नेट गुणी बाळासारखं. कारण तो आला की मीही त्याच्याबरोबर त्या खोलीत बसलेली असायचे ना! हे आता कळतंय.

ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगते. दुपारची मीटिंग, टीम लीडबरोबर तिच्या वरचा साहेब, आणि स्क्रीन माझी. दोन वाक्यं बोलले नि चित्र थिजलं. सुटलं. मी सॉरी म्हणून पुढे बोलायला लागले, परत थिजलं. सुटलं. मग थिजलं ते थिजलंच. आणि मी मनातल्या मनात शिवी हासडणार, तेवढ्यात कसं कोण जाणे, कानात आवाजच घुमला. वैशूऽ... वैशूऽऽ... अगं ए वैशूऽऽ, मेलीस का तिकडे?

मी खुर्ची पाडून धावले. आण्णांचा चेहरा काळानिळा. ठसका लागला होता, लाळ घशात अडकलेली, डोळे पांढरे व्हायला लागलेले. कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या, बोट घालून तोंड साफ केलं. मोठ्यानं श्वास आला एकदाचा. मी तिथेच पलंगाला टेकून बसले आणि हमसून हमसून रडले. मोडेमला मी त्या दिवशी हातही लावला नाही. पडवीत आले तर नेट सुरू होतं आणि साहेब म्हणत होते, 'येस, वी कॅन सी युअर स्क्रीन नाऊ.'

त्यानंतर मी मोजायला लागले. पहिल्यांदा अडकलं की कान टवकारायचे. दुसऱ्यांदा अडकलं की खुर्ची मागे सारायची. तिसऱ्यांदा अडकायच्या आत मी माजघरात असायचे. कधी तहान, कधी ओलं झालेलं, कधी नुसतंच 'बस जरा' असे डोळे. गेले की नेट आपसूक सुरू. ऑफिसच्या तक्रारी थांबल्या, कारण मी आता वेळेत उठत होते. होमचं नाव कुणी काढेना. आण्णांना एकदा विचारलं, 'तुम्हीच करता ना हो हे?' त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर वाडीकडे.

दादाला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, 'तू फार दमली आहेस.' दमले तर होतेच. शनिवारी तो स्वतः आला. नितेशकडून मोडेम बदलून घेतला, राउटर नवा आणला. केबल त्यानं स्वतःच्या हातानं ओढली. सगळं नवं. मोडेम पडवीतच आणूया म्हणाला, म्हणजे मधली केबलच नको.

'मोडेम आण्णांच्या खोलीतच राहील,' मी म्हटलं.

'अगं पण टेक्निकली...'

'तुझं टेक्निकली पुण्याला घेऊन जा.'

तेवढ्यात त्याच्या मोबाईलवरचं क्रिकेट अडकलं. सुटलं, अडकलं, सुटलं, अडकलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो उठून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी डोकावले, तर आण्णांचा डावा हात हातात घेऊन बसला होता. जाताना म्हणाला, 'मोडेम असू दे तिथेच.'

पावसाळा आण्णांनी काढला. दिवाळीही काढली.

मग ती दुपार. आण्णांना मऊभात भरवला, तोंड पुसलं, पांघरूण घातलं आणि कामाला बसले. काम निवांत चाललं होतं. चहाच्या वेळेच्या जरा आधी नेट अडकलं आणि सुटलं. मी माऊसवरचा हात उचलून बसले. दुसऱ्याची वाट बघत. दुसरं काही आलं नाही. म्हटलं, कूस बदलावीशी वाटली असेल, मग झोप लागली असेल. एकदा अडकलं तर उठायचं नाही, हे तर माझ्या हाडात भिनलेलं. हातातला क्लेम संपवला, चहा टाकला, बशीत घेऊन आत गेले.

आण्णा गेले होते. चेहरा शांत. उशी जागच्या जागी, पांघरूण मी घातलं होतं तसंच. मी पायावर हात ठेवला तर गार.

रेवदंड्याहून आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'वैशाली, बराच वेळ झालाय गं. जेवल्यावर डोळा लागला असेल, त्यातच गेले. त्रास नाही झाला.'

'चहाच्या आधी नाही?' मी विचारलं.

'छे, छे. त्याच्या कितीतरी आधी.'

म्हणजे नेट अडकलं तेव्हा त्या खोलीत हाक मारायला कुणी नव्हतंच. आणि हाक आली होती. एकच.

आमच्याकडे एकच हाक कोण मारतं ते तुम्हाला वर सांगितलंय. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण देवाशपथ सांगते, मला भीती वाटली नाही. वाईट वाटलं, फार वाईट. माणूस जाताना एकदा हाक मारतो आणि त्याच्याच घरात, त्याच्याच रीतीमुळे कुणी ओ देत नाही...

दिवसकार्य झालं. आता घरून काम करायला कारण उरलं नाही, पुढच्या महिन्यापासून ऐरोली. दादा म्हणतो कनेक्शन काढून टाक, रिकाम्या घरात कशाला हवं. नितेशला मी अजून काही सांगितलेलं नाही. नेट तर असं पळतंय की विचारू नका. तीनदा अडकणं त्या दिवसापासून बंदच झालं. खारी हवा म्हणा, योगायोग म्हणा, माझं दमलेलं डोकं म्हणा. मी कुणाशी वाद घालणार नाही, तेवढं त्राण नाही आता.

फक्त परवा दुपारी ते एकदा अडकलं. एकदाच. पडवीत मी एकटी होते. आईनं शिकवलेलं सगळं आठवलं, अगदी तिच्या आवाजात आठवलं. तरी मी लॅपटॉपवरून मान वळवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं —

'ओ, आण्णा.'

आणि नेट सुरू झालं.