फळ्यावर ठेवलेली चूक

वस्तीवरच्या आमच्या शाळेत शिकवणारे आम्ही दोघंच, मी आणि मुख्याध्यापक गुरुजी. शाळा निरवांगीच्या पुढे, घर बारामतीत. रोजच्या जाण्यायेण्यात मला काळजी करायला भरपूर वेळ मिळतो आणि तो मी कधी वाया घालवत नाही.

तिसरीच्या वर्गात मी एक नवीनच सुरू केलं होतं. शाळा सुटताना फळा पुसायचा नाही. कुणाचं तरी चुकलेलं एक गणित तसंच ठेवायचं आणि ते उत्तर कसं आलं हे सकाळी ज्याचं त्यानेच सांगायचं. एका मुलीने बावन्नातून सदतीस वजा करून पंचवीस आणले. तिचं म्हणणं, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. कुणी हसलं नाही. उलट दोघंतिघं म्हणाले, आम्हीपण तसंच करतो. एरवी मान खाली घालून बसणारी ती मुलगी त्यानंतर हात वर करायला लागली. मला फार आनंद झाला होता.

शाळाभेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी तो फळा पाहिला. चुकीचं गणित बघून साहेब चिडतील असं वाटलं, तर ते म्हणाले, हे सणसरच्या शिक्षण परिषदेत आपल्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांपुढे मांडा. माझी झोपच उडाली. गुरुजींना विचारलं, तर त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

“बाई, तुमी चांगलं म्हणून सांगायला जाल, आन् सोमवारपास्नं ते सगळ्यांच्या डोक्यावर बसंल. असे लई उपक्रम मरताना बघितल्यात आमी.”

परिषदेच्या दिवशी एसटीत बसल्यावरही ताप आल्याचं कळवावं का, हाच विचार डोक्यात होता. तरी गेले. माझ्या आधीच्या सगळ्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मी फळ्यावर ते पंचवीस लिहिले, तेवढ्यात खडू तुटला. पण लोकांनी ऐकलं. एका तरुण सरांनी तर मनापासून प्रश्न विचारले. मला गुलाबाचं फूल मिळालं आणि शेवटी साहेबांनी जाहीर केलं, सोमवारपासून प्रत्येक शाळेने ‘आजची चूक’ लिहून फळ्याचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. गुरुजी माझ्याकडे बघायचंही टाळत होते.

ग्रुप चुकांनी भरून गेला. रंगीत खडू, वळणदार अक्षर, भोवती वेलबुट्टी. इतकं नटूनथटून कुणी चुकत नाही हे मला दिसत होतं, पण बोलायची छाती होत नव्हती. आमचाही फोटो रोज जातच होता.

मग एका सकाळी त्याच मुलीने विचारलं, “बाई, आज फोटूसाठी कुणी चुकायचं?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण आतून हादरले होते. हात वर करायला शिकलेलं पोर आता माझ्यासाठी खोटं चुकायला तयार झालं होतं. मधल्या सुट्टीत साहेबांना फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की फोटो बंद करा, मुलं नाटक करायला लागलीत. नसतं झेंगट ओढवून घेतलं, असं लगेच वाटलं.

“बरोबर आहे तुमचं,” साहेब म्हणाले. “पण मी कळवलं तर तो आणखी एक आदेश होईल. पुढच्या परिषदेत तुम्हीच उभ्या राहा आणि माझं काय चुकलं ते सगळ्यांना सांगा.”

सगळ्यांपुढे साहेबांची चूक, आणि ती सांगणार मी! कशीबशी हो म्हणाले. वर्गात येऊन मुलांना सांगितलं, आजपासून फोटो नाही.

त्या मुलीने जरा विचार केला. “मग आता खरंखुरं चुकलं तरी चालंल?”

चालेल, म्हणाले. परिषदेला अजून बराच अवकाश होता आणि ताप आल्याचं कळवावं का, हा विचार आत्तापासूनच डोक्यात सुरू झाला होता.