भंगाराच्या वखारीतला धमाका

लातूरच्या त्या भंगाराच्या वखारीतला धमाका मी अजून विसरलेलो नाही. शिकवणी वर्गांसाठी गावोगावची पोरं शहरात येऊ लागली होती, गल्लोगल्ली वसतिगृहं उभी राहत होती. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो.

सकाळच्या हजेरीतच निनावी फोन आला. "वखारीत बॉम्ब फुटलाय. मालकाला उचला." एवढंच.

भूकंप सोसलेलं शहर ते. मोठा आवाज झाला की माणसं आधी रस्त्यावर येत, मग काय झालं ते विचारत. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमली होती. भंगार निवडणाऱ्या एका बाईचे हात आणि चेहरा भाजला होता. तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

पंचनाम्यात काहीच जुळेना. वायर नाही, स्फोटकाचा वास नाही. विझलेला जाळ आणि फाटलेले पत्र्याचे तुकडे, बस्स. गर्दीतून कोणी ओरडलं, "याच्याकडं रातच्या गाड्या येतात!" विचारलं, तर गाडी कोणीच पाहिलेली नव्हती.

मालकाला ठाण्यात आणलं. "साहेब, अब्बाच्या वक्तापासून हा धंदा हाय," तो म्हणाला. "पोत्यात काय येतं ते मलाच ठावं न्हाई, तुम्हाला काय सांगू?" मी प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं जोडतो. हा काहीच जोडत नव्हता. माझा गोंधळ उलट वाढला.

दवाखान्यात बाईचा जबाब घेतला. "फवारायचे पत्र्याचे रिकामे डबे असतात बगा. प्लास्टिकचं टोपण जळून जावं म्हणून जाळात टाकतो. नेहमीच टाकतो आमी साहेब. आजच कसं फुटलं?"

तेही मला कळेना. बॉम्बशोधक पथकाने वखारीतलं उरलेलं पोतं उघडलं. रंगाच्या स्प्रेचे डबे निघाले. भंगार पोचवणाऱ्या हातगाडीवाल्याने ते कुठले ते सांगितलं: वसतिगृहांच्या लोखंडी कॉट बनवणारा एक कारखाना. पथकाच्या अधिकाऱ्याला घेऊन मी तिथे गेलो.

"डबे रिकामे होते," कारखानदार म्हणाला. त्याच्या रंगाऱ्यानेही मान हलवली. "हाव साहेब, रिकामेच."

कोपऱ्यातल्या ढिगातला एक डबा मी उचलून हलवला. आत रंग हिंदकळला.

"मग हे काय?"

"त्याचं तोंड जाम झालंय. तोंड जाम झालं की रिकाम्यातच टाकतो," रंगारी म्हणाला.

पथकाच्या अधिकाऱ्याने डबा माझ्या हातातून काढून घेतला. रंग आत, दाबून भरलेला गॅसही आत, आणि असा डबा सरळ जाळात.

कारखानदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. वखारवाल्याला घरी सोडायला मी स्वतः गेलो, दिवसाढवळ्या, गल्लीला दिसेल असा. त्याला ठाण्यात नेताना जमलेली गर्दी मात्र आली नाही.

बाईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या डब्याचं करायचं काय?"

मलाही माहीत नव्हतं. पथकाच्या अधिकाऱ्याला विचारून कारखान्यात नियम लावून घेतला. तोंड साफ करून डबा मोकळ्या हवेत पूर्ण संपवायचा, फुसफुस थांबेपर्यंत. संपलेले डबे सावलीत वेगळ्या पिंपात ठेवायचे. जाम झालेले त्यात मिसळायचे नाहीत, दुकानदाराला परत द्यायचे. भोसकायचे, ठोकायचे, जाळायचे तर नाहीतच. आणि भंगारात देताना आत काय होतं ते तोंडाने सांगायचं.

निनावी फोन आणि गर्दीतली ती आरोळी सोडली तर त्या प्रकरणात माझ्याशी कोणीच खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाचं 'रिकामा' तेवढं वेगळं होतं. त्यानंतर जबाब लिहून घेताना मी साक्षीदाराला थांबवून विचारू लागलो, "म्हणजे नेमकं काय?" माणसं वैतागायची. तरी विचारायचो.