पाच जणांत एक तिकीट

एर्लनरीड स्टेशनात इर्मट्राऊट श्वेंक यांच्या खिडकीवर जायचं म्हणजे शाळेत फळ्यापाशी उभं राहण्यासारखं होतं. पाच जणांत मिळून एक स्वस्त तिकीट मागितलं, की बाई आधी पेन पुढे सरकवत.

"तिकिटावर पाचही नावं लिहा. शाईने."

"अहो श्वेंकबाई, गाडी सुटेल!"

"मग हात भरभर चालवा."

नियमच तसा होता, पण इतर स्टेशनांवर तो पाळायला कोणाला वेळ होता? गावात त्यांची थट्टा चाले, की ही बाई स्वर्गाच्या दारातही आधी सह्या घेईल.

बाईंचा जन्मच स्टेशनाच्या माडीवरचा. आजोबा इथे सांधेवाले, वडील स्टेशनमास्तर. लाकडाच्या वखारींसाठी रूळ आले तेव्हा बड्यांची बसायची खोली वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी होती. पुढे वखारी मिटल्या, मालधक्का ओस पडला, सिग्नल दूरच्या शहरातून हलू लागले, आणि शेवटी रेल्वेने तिकीट खिडकीही बंद केली. बाईंनी ती भाड्याने घेतली. तिकिटं, कॉफी, ब्रेत्सेल नावाचे खारे पाव आणि लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, सगळं त्याच बघत. नवरा गेल्यापासून त्यांना दुसरा संसार नव्हता.

ऑक्टोबरात वाहतूक कचेरीचं पत्र आलं. येत्या शनिवारी मोजणी. शंभर प्रवासी भरले नाहीत, तर डिसेंबरच्या नव्या वेळापत्रकापासून गाडी एर्लनरीडला थांबणार नाही.

त्यांचा शाळासोबती ऑयगेन राऊशर, गावचा खाटीक, घरोघर फिरला. "शनिवारी सगळे उल्म शहरात चला. काम नसलं तरी चला!"

आणि गाव खरंच लोटलं. म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या, बँडवाले बाजे घेऊन आले. पेन पुढे सरकवता सरकवता बाईंचे डोळे भरून येत होते.

मंगळवारी कचेरीतून डीट्सेलसाहेबांचा फोन आला. "एकतीस."

"काय एकतीस?"

"प्रवासी. आम्ही विकलेली तिकिटं मोजतो."

बाईंच्या लक्षात घोळ आला. माणसं श्वाबी, काटकसरीसाठी नावाजलेल्या मुलखातली, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही! स्टेशन वाचवायला निघालेल्या गावाने पाच-पाचची टोळकी करून एकेक तिकीट काढलं होतं. बाईंना दुसऱ्यावर चिडायचीही सोय नव्हती. चौघे आले की "पाचवा शोधा, स्वस्त पडेल" असं त्याच तर दिवसभर सांगत होत्या.

मग एकदम त्या ताठ झाल्या. "साहेब, नावं चालतील का? सगळ्यांची. शाईने लिहिलेली."

"चालतील. पण वापरलेलं तिकीट कोण जपून ठेवतं?"

"एर्लनरीडमध्ये? सगळे."

गुरुवार दुपारची मुदत मिळाली. घराघरांतून फायली निघाल्या. तिकिटांना भोकं पाडून ती तारखेवार लावलेली होती. एका आजीने तर पोचपावती घेतल्याशिवाय तिकीट हातातून सोडलं नाही. तीस तिकिटं जमली. एकतिसावं बँडवाल्यांचं होतं, ते काही सापडलं नाही.

गुरुवारी डीट्सेलसाहेब स्वतः आले आणि खिडकीशी बसून एकेक नाव वाचत गेले. बाईंना उभं राहवेना, आणि बसवेना. शेवटी साहेबांनी चष्मा काढला.

"एकशे सेहेचाळीस. गाडी थांबेल, श्वेंकबाई."

त्यांना कॉफी देताना बाईंनी अर्धी बशीत सांडली. मग मालधक्क्यामागे जाऊन त्या मनसोक्त रडल्या. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं.

डिसेंबरात नवं वेळापत्रक लागलं. पहिल्याच रविवारी सकाळी ऑयगेन तिघांना घेऊन खिडकीवर आला.

"चौघंच?" बाई म्हणाल्या. "पाचवा शोधा."

"सापडलाय." त्याने पेन उलटं त्यांच्याकडेच सरकवलं. "लिही. शाईने."

"अरे, खिडकी कोण बघणार?"

"एक दिवस लोकांना फलाटावरच्या तिकीट मशीनशी भांडू दे. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीत बसवलंस, आता तू बस."

बाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि लिहायला घेतलं. बाहेर गाडी येऊन थांबली. अगदी आपल्या जागी थांबली.

"अगं इर्मी, सुटेल ना गाडी!"

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "आडनाव राहिलंय."